साहेब आपले, की आपण साहेबांचे?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई 38 वर्षांच्या आहेत. वडिलांनी उभारलेल्या कारखान्याचा पैशाअडक्याचा कारभार गेली 4 वर्षं त्या बघतात. पाणी योजनांना लागणारे पाइप बनवायचे आणि योजनांची कंत्राटंही घ्यायची, असा धंदा. कामगार 240. उलाढालीतला 70 टक्के हिस्सा सरकारी कामांचा. एक नेते, आज मंत्री, हे वडिलांचे 20 वर्षांचे स्नेही. पहिली निवडणूक ते हरले तेव्हा त्यांच्या दारात कोणी फिरकत नव्हतं. वडील मात्र गेले, आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीत पैशाने मागे उभे राहिले. घरात त्यांचा उल्लेख 'आपले साहेब' असाच होतो. आता साहेबांकडून तीन गोष्टी एकदम आल्या आहेत. त्यांच्या ट्रस्टला मोठी देणगी द्यावी. दुसऱ्या कारखान्यासाठी ते सवलतीत सरकारी जमीन मिळवून देतील. आणि त्या नव्या कंपनीत त्यांच्या पुतण्याला, त्याने एक पैसाही न गुंतवता, भागीदार आणि संचालक करून घ्यावं. वडील म्हणतात, "साहेब आपल्या खिशात आहेत, तू कशाला काळजी करतेस?" मागच्या महिन्यात बाई वडिलांबरोबर साहेबांना भेटायला गेल्या होत्या. 71 वर्षांचे वडील केबिनबाहेर अडीच तास बसून होते आणि दार उघडलं की दर वेळी खुर्चीतून अर्धवट उठत होते. "त्या दिवसापासून मला कळेनासं झालंय," त्या लिहितात, "कोण कोणाच्या खिशात आहे? नव्या कंपनीच्या कागदांवर माझी सही लागणार आहे. करू की नको?"

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

सहीचं आधी सांगते: आत्ता करू नका. का, ते सांगायला मला बराच वेळ लागणार आहे, कारण तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि तो एकट्या तुमचा नाही.

कोण कोणाच्या खिशात, हा प्रश्न विचारताना आपण एक गोष्ट धरून चालतो: की याचं एकच एक उत्तर असतं आणि ते टिकतं. तुमच्या वडिलांचं उत्तर 20 वर्षांपूर्वी बरोबर होतं. हरलेल्या माणसाच्या दारात पैसे घेऊन जाणारा माणूस तेव्हा मोठा होता. ते उत्तर त्यांनी जपून ठेवलं आणि मधल्या काळात प्रश्न बदलला.

हे फार जुनं आहे. 1519 मध्ये पवित्र रोमन सम्राटाची निवडणूक झाली. मतं 7 निर्वाचकांची, आणि ती फुकट मिळणारी नव्हती. हॅब्सबर्ग घराण्यातल्या चार्ल्सने त्यापायी साडेआठ लाख गुल्डेनच्या आसपास खर्च केला, आणि त्यातले पाच लाखांहून जास्त आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराने पुरवले. चार वर्षांनी, 1523 मध्ये, फुगरने सम्राटाला पत्र लिहिलं. भाषा अदबीची, पण मतलब उघड: माझ्या मदतीशिवाय हा मुकुट आपल्या डोक्यावर आला नसता हे जगजाहीर आहे, तेव्हा माझे पैसे व्याजासकट परत करायची आज्ञा व्हावी. त्याच सुमारास जर्मन संसदेत मक्तेदार व्यापाऱ्यांना आवर घालायची हालचाल चालली होती. ती सम्राटाने थांबवली. तुमचे वडील हे वाचतील तर म्हणतील, बघ, खिशात म्हणजे असं! पण पान उलटा. त्याच चार्ल्सचा मुलगा, स्पेनचा दुसरा फिलिप, याने 1557 मध्ये सावकारांची देणी थांबवली. तोवर फुगरांची पेढी पुतण्याच्या, आंतोनच्या, हातात होती आणि राजघराण्याला दिलेल्या कर्जात इतकी रुतलेली होती की बाहेर पडायची सोय नव्हती. देणं थकवणाऱ्यालाच पुन्हा कर्ज देत राहायचं, निदान आधीचं बुडू नये म्हणून. मराठीत याला हात दगडाखाली सापडणं म्हणतात. हात सोन्याचा असला तरी दगड दगडच असतो.

एकाच जोडीत पारडं किती झरझर वरखाली होतं ते बघायचं असेल तर अमेरिकेतले बडे बँकवाले जे. पी. मॉर्गन आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बघा. मला हे दोघे फार आवडतात, कारण दोघांनाही आपणच वरचढ आहोत असं प्रामाणिकपणे वाटत असे. 1902 च्या फेब्रुवारीत रूझवेल्टच्या सरकारने मॉर्गनच्या रेल्वे कंपनीवर, नॉर्दर्न सिक्युरिटीजवर, मक्तेदारीचा खटला भरला. आधी कानावर घालण्याचं सौजन्यही दाखवलं नाही. मॉर्गन थेट व्हाइट हाउसमध्ये गेले आणि म्हणाले की आमचं काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, ते दोघं मिटवून टाकतील. राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपल्यासारखाच एक बडा व्यापारी, अशी त्यांची समजूत! 1904 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती कंपनी मोडायला लावली. आणि त्याच वर्षी रूझवेल्टच्या निवडणुकीला मॉर्गननी दीड लाख डॉलर दिले. ज्याने खटला भरला त्यालाच. हा भाग वडिलांना जरूर वाचून दाखवा.

पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. 1907 च्या शरदात न्यूयॉर्कच्या बँका एकामागून एक डळमळल्या. अमेरिकेत तेव्हा मध्यवर्ती बँक नव्हती. सरकारने अडीच कोटी डॉलर न्यूयॉर्कच्या बँकांत ठेवले आणि कोणाला वाचवायचं हे व्यवहारात मॉर्गन ठरवत राहिले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पोलाद कंपनीची दोन माणसं रात्रीच्या गाडीने वॉशिंग्टनला आली, सकाळी सकाळी रूझवेल्टना गाठलं, आणि एक प्रतिस्पर्धी कंपनी गिळायला सरकारची हरकत नाही असा शब्द घेऊन गेली. पाच वर्षांपूर्वी मक्तेदारी मोडणारा तोच राष्ट्राध्यक्ष. आणखी चार वर्षांनी, 1911 मध्ये, पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या सरकारने त्या पोलाद कंपनीवर खटला भरला तेव्हा हाच सौदा आरोपात आला. साहेबांनी दिलेला शब्द साहेबांबरोबर गेला होता.

मग पारडं कशाने हलतं? पैसा की खुर्ची, असं मोजून हाती काही लागत नाही. मी 25 वर्षं कंपन्यांचे हिशेब तपासले, आणि दोन्ही बाजूंची माणसं टेबलाशी बसलेली पाहिली. माझ्यापुरतं माप एकच उरलं: टेबलावरून उठून जाणं कोणाला जास्त परवडतं? 1902 मध्ये ते रूझवेल्टना परवडत होतं, 1907 मध्ये मॉर्गनना. वीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांना परवडत होतं; हरलेल्या उमेदवाराकडे गेले नसते तर बिघडलं काय असतं? त्या दिवशी केबिनबाहेर ते अर्धवट उठत होते. पूर्ण उठता येत नव्हतं म्हणूनच ना?

या मापाने तुमच्यापुढच्या तीन मागण्यांकडे बघा, म्हणजे त्यांतली सगळ्यात गोड दिसणारी, ती जमीन, सगळ्यात जड आहे हे लक्षात येईल. रेमंड व्हर्नन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1971 मध्ये परदेशी खाणकंपन्यांबद्दल एक साधी गोष्ट मांडली. पैसा गुंतवण्याआधी कंपनी सरकारपेक्षा भारी असते, कारण ती दुसऱ्या देशात जाऊ शकते. खाण खणून झाली की पारडं फिरतं. खाण पाठीवर टाकून नेता येत नाही. त्याच वर्षी चिलीने आपल्या तांब्याच्या मोठ्या खाणी अमेरिकन कंपन्यांकडून राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या, आणि त्यांच्या संसदेत तो ठराव एकमताने झाला. तुमच्या बाबतीत, सवलतीची जमीन म्हणजे अटींची जमीन. अमुक काळात बांधकाम, अमुक रोजगार, अमुक वापर, आणि अट मोडली का हे ठरवणार सरकार. एकदा यंत्रं तिथल्या पायावर बोल्टने आवळली गेली की तुमच्या कंपनीचं अर्धं भांडवल कोणाच्या तरी एका सहीवर उभं. ती सही आज साहेबांची आहे. उद्या त्यांच्या वैऱ्याची असेल, आणि तो तुमच्या फाईलवर 'साहेबांची माणसं' असंच वाचेल.

इंडोनेशियात हे अक्षरशः मोजलं गेलंय. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची राजवट तीन दशकांची. 1990 च्या दशकात त्यांच्या तब्येतीच्या अफवा उठल्या की जाकार्ताच्या बाजारात कोणत्या कंपन्यांचे भाव किती पडतात, हे रेमंड फिसमन या अभ्यासकाने तपासलं. 2001 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जितकं नातं जवळचं तितकी पडझड मोठी. सुहार्तोंच्या अगदी निकटच्या कंपन्यांच्या किमतीतला जवळजवळ चौथा हिस्सा हा नुसत्या लागेबांध्यांचा असावा, असा त्याचा अंदाज निघाला. म्हणजे कारखाना, माल, कामगार, नाव हे सगळं मिळून तीन हिस्से, आणि एका म्हाताऱ्याची नाडी हा चौथा. 1998 च्या मे महिन्यात सुहार्तोंना सत्ता सोडावी लागली.

तुमच्या 70 टक्क्यांतले किती टक्के साहेबांच्या नाडीवर आहेत, हे तुम्ही एका रविवारी बसून काढू शकता. गेल्या 5 वर्षांतली सगळी सरकारी कामं एका कागदावर तीन रकान्यांत लिहा. कोणतं खुल्या निविदेत सगळ्यात कमी दराने मिळालं? कशात निविदेच्या अटीच अशा होत्या की दुसरं कोणी बसलंच नसतं? कोणाचं बिल फोन गेल्यावर निघालं? शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज वडिलांना दाखवण्याआधी स्वतः नीट बघा. माझा अंदाज आहे, तुम्हाला वाटतं त्याहून ती लहान निघेल. अशा घरांतून मी हे पुष्कळदा पाहिलंय: माल चांगला असतो, दरही बसतो, पण प्रत्येक काम साहेबांमुळेच मिळालं असं मानायची सवय लागलेली असते. साहेबांनाही तेच हवं असतं. मिंधेपणा अर्धा खरा असतो आणि अर्धा मानलेला.

इथे तुमच्याही एका समजुतीला हात लावते. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की "आमच्यासारख्यांना नाही म्हणायची सोयच नसते." वडील म्हणतात साहेब आपल्या खिशात, तुम्ही म्हणता आपण त्यांच्या मुठीत; आणि गंमत अशी की दोन्हींचा अर्थ एकच निघतो, की आपल्याला करायचं काही नाही, आपली जबाबदारी काही नाही.

दक्षिण कोरियात 6 डिसेंबर 2016 ला देशातल्या 9 बड्या उद्योगसमूहांचे प्रमुख संसदीय चौकशीत टीव्हीवर रांगेने बसले होते. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या मैत्रिणीशी जोडलेल्या दोन संस्थांना 53 कंपन्यांनी मिळून 77.4 अब्ज वॉन दिले होते. का दिले? सरकारने मागितल्यावर नाही म्हणणं कंपन्यांना कठीण जातं, असं सांगितलं गेलं. हे तुमचंच वाक्य आहे, फक्त बोलणारे देशातले सगळ्यात श्रीमंत लोक होते. पुढे न्यायालयांनी जो भेद केला तो तुम्ही ध्यानात ठेवावा असा आहे. सॅमसंगच्या ली जे-योंग यांच्या खटल्यात त्या दोन संस्थांना दिलेली रक्कम लाच ठरली नाही. लाच ठरला तो मुख्यतः त्या मैत्रिणीच्या मुलीच्या घोडेस्वारीवर झालेला खर्च. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर घोड्यांची किंमतही त्यात धरली. पार्क पदावरून गेल्या आणि तुरुंगात गेल्या, लीसुद्धा गेले, दोघांनाही पुढे माफी मिळाली ते वेगळं. पण चौघांदेखत संस्थेला दिलेला पैसा आणि नेत्याच्या वर्तुळातल्या एका पोरीचे घोडे, हे एकाच पारड्यात पडले नाहीत. तुमच्याकडे ट्रस्ट आहे आणि पुतण्या आहे. पुतण्या म्हणजे तुमचा घोडा.

(हसू नका. पुतण्याने एक पैसा घातला नाही आणि त्याला हिस्सा मिळाला, तर उद्या कोणीही विचारेल: हा हिस्सा कशाच्या बदल्यात? तुमच्याकडे छापता येईल असं उत्तर आहे का?)

एक आणखी गोंधळ दूर करायला हवा, कारण तो जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. 'पैसेवाल्यांपुढे सरकारं झुकतात' हे खरं आहे, पण ते तुमच्या वडिलांबद्दल खरं नाही. फ्रान्समध्ये 1981 मध्ये समाजवादी नेते मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यांनी बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे केले, खर्च वाढवला. भांडवल देशाबाहेर चाललं, फ्रँकचं तीनदा अवमूल्यन झालं आणि 1983 च्या मार्चमध्ये त्यांना धोरणाचं तोंड फिरवावं लागलं. यात कोणी केबिनबाहेर बसलं नव्हतं, कोणी पाकीट दिलं नव्हतं. ज्यांचा पैसा हलू शकतो त्यांची ताकद अशी असते; त्यांना मागावंसुद्धा लागत नाही. तिच्यापुढे लोकांनी निवडून दिलेलं सरकार कसं टिकावं हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर माझी मतं तिखट आहेत, पण ती पुन्हा कधी. तुमचे पाइप मात्र हलत नाहीत. एकाच गिऱ्हाइकाला 70 टक्के माल विकणारा कंत्राटदार श्रीमंत असू शकतो, ताकदवान नसतो. या दोन गोष्टी एकच मानल्या की माणूस अडीच तास बाहेर बसतो आणि घरी येऊन सांगतो की साहेब आपल्या खिशात आहेत.

आता करायचं काय.

तीन मागण्या एका गाठोड्यात आल्यात, ते गाठोडं आधी सोडा. साटंलोटं नेहमी गाठोड्यातच येतं, कारण सुट्या सुट्या गोष्टी उजेडात वेगळ्या दिसतात. देणगी जमिनीशी जोडलेली असेल तर ती देणगी नाही, आणि तीही देऊ नये. जोडलेली नाही हे दाखवायचं असेल तर जमिनीचा विषय आधी संपवा: लिलाव किंवा खुली जाहिरात असेल तर अर्ज करू, सवलतीच्या खास मार्गाने नको. मग वर्षभर जाऊ द्या. त्यानंतरही ट्रस्टचं काम तुम्हाला पटलं, तर कंपनीच्या ठरावाने, चेकने, पावती घेऊन, आणि दुसऱ्या कुठल्याही संस्थेला दिली असती तेवढीच रक्कम द्या. उद्या वर्तमानपत्रात छापून येईल असं धरूनच द्या. गुप्ततेचा भरवसा कोणी देत असेल तर राजकीय पक्षांना देणगी द्यायचे भारतातले निवडणूक रोखे आठवा. 2018 पासून ज्यांनी ते घेतले त्यांना नाव उघड होणार नाही असं वाटत होतं. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नावं आकड्यांसकट आली.

पुतण्याला नाही. यात मधला मार्ग नाही, 'थोडासा हिस्सा' नाही, 'सल्लागार' नाही. मी तपासलेल्या वह्यांत 'सल्ला शुल्क' या खात्यावर बोट ठेवलं की सगळ्यात आधी मालकाचा चेहरा बदलायचा. एका ठिकाणी तर सल्लागाराचं नाव पुढच्या वर्षी बदललं, पत्ता तोच राहिला.

पण नाही कसं म्हणायचं? तुमच्या वडिलांना साहेबांच्या तोंडावर ते म्हणता येणार नाही आणि मी तसं सुचवणारही नाही. 2003 च्या फेब्रुवारीत रशियात मिखाईल खोदोर्कोव्स्कींनी पुतिन यांना कॅमेऱ्यासमोर सरकारी भ्रष्टाचारावरून सुनावलं. ऑक्टोबरमध्ये अटक झाली, सुटका 2013 मध्ये. ते त्यांच्या देशातले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ होते. तुम्हाला धीट दिसायचं नाहीये, कंपनी वाचवायचीय. म्हणून नाही म्हणायचं काम बँकेला आणि वकिलाला द्या. हे खोटं बोलणं नाही. मोठ्या पदावरच्या राजकीय व्यक्ती आणि त्यांचे जवळचे नातेवाईक ज्या कंपनीत मालक असतील तिथे धोका जास्त दिसला तर बँकांनी जास्त खोल चौकशी करावी, असा फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या काळा पैसा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा दंडक आहे आणि बहुतेक देशांच्या बँका तो पाळतात. "पुतणे आले तर बँक त्यांच्या आणि तुमच्याही पैशाचा उगम विचारेल, साहेब; तुम्हाला कशाला त्रास?" हे वाक्य वडिलांना सहज म्हणता येईल. साहेब ते समजतात. बहुधा तुमच्याआधीच समजतात.

कायद्याचंही बघून ठेवा. लाच घेणाराच दोषी, हे दिवस गेले. अमेरिकेने 1977 मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं गुन्हा केलं, ब्रिटनने 2010 च्या कायद्यात 'लाच रोखली नाही' हाच कंपनीचा गुन्हा मानला. भारतात 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे, कंपनीही आहे, आणि संचालकाची संमती किंवा डोळेझाक सिद्ध झाली तर संचालकही आहे. कंपनीने लाच रोखायची पुरेशी व्यवस्था ठेवली होती हा बचाव आहे, आणि जबरदस्तीने द्यावं लागलं असेल तर 7 दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. नेमकं काय लागू होतं ते वकिलाला विचारा. मी वकील नाही. आणि साहेबांना न ओळखणारा वकील शोधा. वेळ लागेल, तरी शोधा.

बाकी तयारी दिसायला क्षुल्लक आहे. भेटीला कधी एकटं जायचं नाही. परत आल्यावर त्याच दिवशी तारीख घालून चार ओळी लिहायच्या: कोण होतं, काय मागितलं, आपण काय म्हणालो. अडलेली बिलं, रस्ते, पाणी, दर यांबद्दलची गाऱ्हाणी उद्योजक संघटनेच्या नावाने लेखी द्यायची. एकट्याने मागितलेली गोष्ट उपकार ठरते आणि पन्नास जणांनी मागितलेली मागणी. सरकारी कामांचा हिस्सा पुढच्या 3 वर्षांत 70 वरून 45 वर आणायचा बेत करा. खासगी बांधकाम, शेतीचे पाइप, निर्यात, जे जमेल ते. दुसरा कारखाना लहान काढा, पण स्वतःच्या किंवा बाजारभावाने घेतलेल्या जागेवर. आणि 6 महिने बिलं अडली तरी पगार होतील इतकी पत बँकेकडून आत्ताच, चांगल्या दिवसांत, मंजूर करून घ्या. कारण नाही म्हटल्यावर बिलं अडतील. कदाचित नाहीत, पण धरून चला. वकिलाचं पत्र, न्यायालय, माहितीचा अधिकार, हे नंतर, आधी पगार.

हे फार सावध, फार कोरडं वाटेल. कोणी म्हणेल, थेट तक्रार का करत नाही? करता येते, आणि काही जण करतात. दक्षिण आफ्रिकेत उपअर्थमंत्री मसेबिसी जोनास यांनी 2016 मध्ये जाहीर सांगितलं की एका धनाढ्य कुटुंबाने आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केलं होतं, आपण नाकारलं. तिथे तर व्यापारीच मंत्री नेमायला निघाले होते. पुढे न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाची चौकशी 4 वर्षं चालली. असं बोलणाऱ्या माणसांमुळे बाकीच्यांना श्वास घेता येतो, यात वाद नाही. पण 240 पगार डोक्यावर असलेल्या बाईला घरात बसून मी हौतात्म्याचा सल्ला देणार नाही. नोंदी मात्र अशा ठेवा की कधी बोलायची वेळ आली तर हातात कागद असेल. तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही एवढं सांगते, विशेषतः जे मालक नाहीत, नुसते सही करणारे हिशेबनीस, कंपनी सचिव, जावई, सून आहेत त्यांना: 'सही तुमची आणि निर्णय त्यांचा' अशी जागा असेल तर तोंडी हुकमावर सही करू नका, हुकूम लेखी मागा. पुष्कळदा लेखी मागितला की हुकूमच येत नाही.

उरले वडील, आणि पत्र वाचताना मला जास्त काळजी त्यांची वाटली. 'आपले साहेब' हे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं वैभव आहे. पडत्या काळात आपण ज्याच्या मागे उभे राहिलो तो पुढे मंत्री झाला, यात अभिमान वाटण्यासारखं आहेच, आणि ती मैत्री सगळी खोटी होती असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. "ते तुम्हाला वापरतात" या वाक्याने त्यांचं तोंड बंद होईल, मत बदलणार नाही. त्याऐवजी तो रविवारचा कागद पुढे ठेवा, आणि त्यातली स्वतःच्या दमावर मिळवलेली कामं आधी वाचा. ती त्यांना कोणी कधी मोजून दाखवली नसतील.

आणि पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जाल तेव्हा एक करून बघा. अर्धा तास थांबा. मग स्वीय सहायकाकडे चिठ्ठी ठेवा, 'येऊन गेलो, सोयीची वेळ कळवावी', आणि वडिलांचा हात धरून उठा. त्या दिवशी संध्याकाळी फोन कोणाचा येतो, आणि कोणाला येतो, ते मला कळवा.